पाठीला पाठ

पिंपरी पेंढार,
७ डिसेंबर २०२५

प्रिय कपिल,

जय भीम. खोबरेल तेलाचा डबा पोचला. या वेळी झाकणाला मेण लावलं होतंस, त्यामुळे एक थेंबही सांडला नाही. आत चिठ्ठी नव्हती. ती कधीच नसते, तरी मी डब्याभोवतीचा कागद उलटसुलट करून पाहतेच. पार्सलवर तुझा कोचीचा पत्ता असतो, त्यावर हे पत्र टाकते आहे. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, ते येऊन पडतं आणि पडून राहतं.

माझे गुडघे आता अगदी बरे आहेत. काल सहा डिसेंबरला विहारात वंदनेला चालत जाऊन आले.

तुझा सिनेमा मी पाहिला. 'सत्यघटनेवर आधारित' असं सुरुवातीला आलं तेव्हा मी चष्मा पुसला. तुला त्यांनी कॅप्टन केलं आहे. तू इंजिनरूममध्ये ग्रीसनं माखलेला असायचास हे कुणाला पाहायचं नसेल. पप्पूला वीसेक वर्षांचा सडपातळ पोरगा करून टाकलं आहे. त्याचं नाव छोटू, आणि तो भांडी घासताना गाणं म्हणतो. आपला पप्पू अडतीस वर्षांचा, दारातून तिरका होऊन आत येणारा. तुझ्याच बोटीच्या स्वयंपाकघरात काम मिळालं तेव्हा तिथं मावेन का, असं त्यानं तुला विचारलं होतं, ते मला अजून आठवतं.

तू त्या समुद्रातून परत आल्यापासून असले सगळे सिनेमे मी पाहत आले आहे. बोट बुडते, दोनतीन माणसं पाण्यात उरतात, मग शार्कच्या पाठीचा तो काळा त्रिकोण पाण्यावर येतो. कॅमेरा अर्धा पाण्यात आणि अर्धा वर असतो, म्हणजे खालचं आपल्याला दिसतं आणि त्या माणसांना दिसत नाही. शेवटी खऱ्या माणसाचा फोटो येतो आणि खाली दोन ओळी. तुझ्या सिनेमाच्या शेवटी लिहिलं आहे, 'आज तो आपल्या कुटुंबासोबत कोचीत सुखानं राहतो.' ते वाचून मी कपाटातल्या तेलाच्या डब्यांकडे पाहिलं. तुझं कुटुंब म्हणजे मी, कपिल, आणि मी तर इथे आहे.

माझ्या शाळेची एक गोष्ट तुला कधी सांगितली नसेल. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. बाबा खडकीच्या कारखान्यात होते आणि हट्टानं त्यांनी मला नन्सच्या बोर्डिंगमध्ये घातलं होतं. महिन्यातून एकदा हॉलमध्ये पांढरी चादर टांगून सिनेमा दाखवत. एकदा असाच समुद्राचा होता. होडीत चार माणसं, आणि शार्क आला. सिस्टर इमेल्दा प्रोजेक्टरपाशी उभ्या होत्या. त्यांनी चटकन भिंगापुढे हात धरला. चादरभर त्यांच्या बोटांचा लाल उजेड पसरला. आम्ही मुली त्या लाल उजेडाकडे पाहत किंकाळ्या ऐकत बसलो. हात काढला तेव्हा समुद्र शांत होता आणि होडीत एक माणूस कमी होता. नंतर कितीतरी दिवस आम्ही आपापसांत वाद घालत होतो, त्या हाताखाली काय झालं असेल.

हे सगळं लिहिण्याचं कारण आता येतं. महाळुंग्याहून पप्पूच्या आईचा, साळुबाईंचा निरोप आला आहे. पप्पूच्या आरोहीचं लग्न ठरलं. मुलगा मंचरला औषधांच्या दुकानात आहे, चांगला वाटला. फेब्रुवारीतली तारीख धरली आहे, पण पत्रिका अडली आहे. मुलीच्या बापाच्या नावाआधी 'कै.' लिहायचं की नाही, यावर. इतक्या वर्षांत साळुबाईंनी पप्पूच्या फोटोला हार घालू दिलेला नाही. बोटीच्या कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, कागद देऊन गेला. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि दार लावलं. आता त्यांचे दीर भिमाजीभाऊ म्हणतात, पिक्चरमध्येच दाखवलंय, आता काय राहिलं? त्यावर त्या म्हणाल्या म्हणे, "पिक्चरवाल्यांच्या सांगण्यावरनं मी माझं पोरगं मारू व्हय?"

पण सिनेमा त्यांना पाहायचा आहे, आणि शेजारी मी बसायला हवी आहे. "तिचा भाऊ व्हता तिथं. तिला खरंखोटं कळंल."

मला काय कळणार? इस्पितळात तुझे ओठ फुटले होते. "पप्पू गेला, ताई," एवढंच तू म्हणालास. कसा, ते मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मी जाणार आहे. जाऊ नको म्हणायचं असेल तर कळव.

तुझी वाट पाहणारी नव्हे, नुसती चौकशी करणारी,
यशोधराताई


पिंपरी पेंढार,
१५ डिसेंबर २०२५

प्रिय कपिल,

तू कळवलं नाहीस, म्हणून गेले.

नारायणगावला गाडी बदलून कळंबला उतरले. तिथून भिमाजीभाऊंनी मोटरसायकलवर नेलं. उसाच्या कडेकडेनं जाताना ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की मला वाटलं यांचे कान गेले. मग लक्षात आलं, ते माझ्याशी बोलत नव्हतेच, उसातल्या बिबट्याला ऐकवत होते.

घरात शेजारच्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या. कांद्याच्या लागवडीवरून तशाच आलेल्या, हातांना माती. गळ्यात ते बाहेरून खिळे असलेले पट्टे. बिबट्या मागून मान धरतो म्हणून हल्ली शेतात जाताना घालतात. ते काढून त्यांनी दाराशी चपलांजवळ ओळीनं ठेवले आणि भिंतीला टेकून बसल्या. आरोहीनं मोबाइल टीव्हीला जोडला. साळुबाई खाटेवर होत्या. मला त्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि माझा हात स्वतःच्या मांडीवर ठेवला.

मला भीती होती की पहिला शार्क आला की रडारड होईल. तसं काही झालं नाही. शार्क आला, गोल फिरू लागला, आणि भिमाजीभाऊ म्हणाले, "हा बी घिरट्याच घालतोय की! आपल्या वाघासारखाच."

छोटू पाण्यात हातपाय झाडू लागला तशा बायका त्याच्यावर ओरडायला लागल्या.

"आरं गप ऱ्हा ना! शिकार हाय म्हणून सांगतोय त्याला!"

"आवाज कर, आवाज! थाळी वाजीव!"

"समिंदरात थाळी कुठून आणू गं? तुझ्या सासऱ्यानं दिली व्हती व्हय?"

सगळ्या हसल्या. साळुबाईही हसल्या. कपिल, मी इतके शार्कचे सिनेमे पाहिले, पण असे प्रेक्षक पाहिले नव्हते. शहरात लोक डोळ्यांवर हात घेतात. या बायका त्या दोघांना जगायचं कसं ते शिकवत होत्या.

मग तो प्रसंग आला. कॅप्टन छोटूला सांगतो, माझ्या पाठीला पाठ लाव. नारिंगी दोरीनं दोघं कमरेशी बांधून घेतात. बोलत राहायचं, कॅप्टन म्हणतो, आणि समोरचा गप्प झाला की कोपर मारायचं. छोटूची मान कलते आणि कॅप्टन त्याला कोपर मारतो.

साळुबाई खाटेवर ताठ झाल्या.

"आरोही, थांबीव. मागं घे."

आरोहीनं मागं घेतलं. पुन्हा कोपर.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. डोळे नुसते चमकत होते. "कोपर मारलं. बघितलं का बाई? हे माझ्या पप्प्याचं हाय. आमी मायलेकरं बांधावर भाकर खायला बसायचो ना, ते पाठीला पाठ लावून. मागनं वाघ आला तरी कुणाचं तरी तोंड तिकडं असतंय. बोलत ऱ्हायाचं. गप झालं की कोपर. लई जोरात मारायचा, मेला. हे त्या कॅप्टनला कुणी शिकिवलं?"

"पप्पूनंच शिकवलं असेल," मी म्हणाले.

"मग? पिक्चरात उलटं का दावलंय?"

सिनेमात शहाणपण कॅप्टनलाच सुचतं, असं मी म्हणाले. भिमाजीभाऊंना ते पटलं. "आमच्या कारखान्यात बी तसंच हाय," म्हणाले.

पुढे छोटूला लांब एक जहाज दिसतं. कॅप्टन नको नको म्हणत असताना तो दोरी सोडतो आणि पोहत निघतो. त्याच्यामागून पाण्यातला तो त्रिकोण. आणि नेमकी तिथं लाइट गेली.

घरात एकदम दुपार झाली. बाहेर कोंबड्यांचा आवाज यायला लागला. आरोही म्हणाली, आज्जी, मोबाइलवर बघू या. साळुबाईंनी हातानंच नको म्हटलं.

भिमाजीभाऊ समजुतीनं म्हणाले, "वहिनी, पुढचं म्हायतीच हाय. पोरगं घाबारलं, सोडून पळालं, अन् माशानं धरलं. आता मनाला लावून घेऊ नका. पत्रिकेचं उरकून टाकू."

"भाऊजी," साळुबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "ज्यानं पाठीला पाठ लावायला शिकिवलं, त्यो पाठ सोडून पळंल व्हय? लहान व्हता तेव्हा समोर वाघ आला तरी हलला न्हाई. माझ्या पाठीला त्याचं काळीज धडधडत व्हतं, पण हलला न्हाई. पप्प्या न्हाई सोडायचा." मग त्यांनी माझा हात दाबला. "मग बाई, सोडलं कुणी?"

कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही. एका बाईनं उगाच आपला पट्टा उचलून खिळे चाचपून पाहिले.

"मला माहीत नाही, साळुबाई," मी म्हणाले. ते खरंच होतं. "विचारून सांगते."

त्या रागावल्या नाहीत. निघताना पिशवीत पावट्याच्या शेंगा घातल्या आणि उसापर्यंत पोचवायला आल्या. पत्रिका मात्र छापायला जाऊ देणार नाहीत. 'कै.' नाही आणि नुसतं नावही नाही, असं आरोहीला बजावलं आहे. त्या पोरीकडे पाहवत नाही. बाप आहे की नाही हे तिला पत्रिकेच्या निमित्तानं नव्यानं विचारलं जातंय.

तर कपिल, मी विचारते आहे. सोडलं कुणी?

यशोधराताई


पिंपरी पेंढार,
४ जानेवारी २०२६

प्रिय कपिल,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी शेंगा सोलत होते. नंतर पाहिलं तर टरफलं वाटीत आणि दाणे सुपाबाहेर.

तू बोलत असताना मी मधे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू थांबला असतास. पण फोनवर वारा होता आणि तुझा आवाज खाली गेला होता. म्हणून मला जे समजलं ते लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

दोरी नव्हती. पप्पूच्या गळ्यात तो नेहमीचा पंचा होता. त्यानंच तो दोघांच्या कमरेभोवती घेतला आणि गाठ मारली. पाठीला पाठ लावायला त्यानंच सांगितलं. शार्क आले, पण सिनेमातल्यासारखे धावून आले नाहीत. लांबून फिरत राहिले. एखादा जवळ येऊन पायाला घासून गेला की पप्पू त्याला शिव्या द्यायचा, शेतात देतात तशाच. तुम्ही बोलत राहिलात. तो आईच्या हातच्या पिठल्याबद्दल बोलला, आरोहीच्या दप्तराबद्दल बोलला. बोट कलली तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी लागलं होतं. ते त्यानं तुला सांगितलं नाही. तुला ते त्याच्या बोलण्यावरूनच कळलं.

मग तो बोलायचा थांबला. तू कोपर मारलंस. तू कोपर मारत राहिलास.

तरी तू त्याला सोडलं नाहीस. तो गेल्यावरही पाठीशी बांधून ठेवलास आणि दोघांच्या वाटचं तूच बोलत राहिलास. पण घिरट्या जवळ यायला लागल्या, आणि त्याचं ओझं तुला खाली ओढायला लागलं. तेव्हा पंच्याची गाठ तू सोडलीस. मागे वळून पाहिलं नाहीस. पाठीला एकदम गार लागलं, असं तू म्हणालास. त्यानंतर मला वाऱ्याचाच आवाज आला.

सिनेमावाल्यांनी तुला विचारलं, त्याला शार्कनं ओढून नेलं का? आणि तू मान हलवलीस. ती मान मला समजते. कुणी आयतं उत्तर पुढे केलं तर दमलेला माणूस ते घेतो. पण त्या उत्तरात पप्पू भित्रा झाला, कपिल, आणि तेवढंच साळुबाईंना पटत नाही. बाकी सगळं पटवून घ्यायला त्या तयार असाव्यात असं मला वाटतं.

फोन ठेवताना तू म्हणालास, "ताई, तूच सांग त्यांना. तुला नीट बोलता येतं."

मी सांगणार नाही. हे मी रागानं म्हणत नाहीये. मी सांगितलं तर ते माझ्या चांगल्या मराठीत होईल. जिथं तुझा आवाज अडखळला तिथं माझा अडखळणार नाही, आणि साळुबाईंना नेमकं तेच ऐकायला हवं आहे. आयुष्यभर मी पोरांना शिकवताना कठीण जागा सोप्या करून सांगितल्या. ही मी सोपी करणार नाही. सिस्टर इमेल्दांनी भिंगापुढे हात धरला तो आमच्या भल्यासाठीच होता. पण हाताखालचा समुद्र मी अजून पाहते आहे.

गावात तुझं फ्लेक्स लावायचं चाललं होतं. शार्कशी झुंजलेला सुपुत्र, शेजारी चार नेत्यांचे फोटो. मी सरपंचाला भेटून ते थांबवलं. "अहो मॅडम, तुमच्याच भावाचा मान हाय," तो म्हणाला. मी म्हटलं, तो आला की त्यालाच विचारा. हे मी का म्हणाले ते मला ठाऊक नाही. तू येणार आहेस असं कुणी मला सांगितलेलं नव्हतं.

यशोधराताई


पिंपरी पेंढार,
११ जानेवारी २०२६

प्रिय कपिल,

आज महाळुंग्याला जाऊन आले. साळुबाई घरी नव्हत्या, खालच्या शेतात होत्या. आरोहीनं मला तिचा पट्टा दिला. मी तो गळ्यात घातला. सिस्टर इमेल्दांनी पाहिलं असतं तर त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली असती.

साळुबाई बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. उलट माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "बसा."

मी बसले. बसताना कळलं की गुडघ्यांबद्दल तुला लिहिलं ते खरं नव्हतं. पाठ टेकवली. त्यांची पाठ एवढीशी आहे, कपिल, पण पक्की. समोर माझ्या वाट्याला ऊस आला, त्यांच्या वाट्याला कांदा. त्यांनी मागच्या मागं भाकरीचा तुकडा दिला, वर ठेचा.

"फोन आला व्हता का त्याचा?"

"आला होता."

"काय म्हणला?"

"त्याला तुम्हाला सांगायचं आहे. मला सांगायला सांगत होता. मी नाही म्हणाले."

"बरं केलं." मग थोडा वेळ त्या भाकरी चावत राहिल्या. "येत का न्हाई मग? इतकी वर्सं झाली. पोरीचं लगीन आलं."

"तोंड कसं दाखवू, म्हणतो."

इथं मी गप्प झाले, आणि त्याच क्षणी बरगडीत सणसणीत कोपर बसलं. मी ओरडलेच. साळुबाई खदखदून हसल्या. त्यांचं हसू मला कानांनी कमी आणि पाठीतून जास्त ऐकू आलं. एवढा वेळ डोळ्याला डोळा न भिडवता बोललं की किती सोपं होतं, ते मला आज कळलं. चेहरा सांभाळायला लागत नाही.

मग त्या बोलल्या. त्यांचे शब्द मी जसे आठवतात तसेच लिहिते, कारण ते तुझ्यासाठी आहेत.

"त्याला म्हणावं, मला भांडायचं न्हाई. सोडलं आसंल तर सोडलं आसंल, काय झालं ते मला त्याच्या तोंडनं ऐकायचंय. ऐकलं की फोटोला हार मी सोताच्या हातानं घालीन, अन् पत्रिकेचं बी बघू. तोंड दावायचं नसलं तर नको दावू म्हणावं. हितं येऊन आसंच बस. शेवटाला माझं पोरगं त्याच्या पाठीला व्हतं. त्याची ऊब आसंल तर त्या पाठीतच आसंल, दुसरीकडं कुठं न्हाई. तेवढी पाठ मला एकदा लागू दे."

मी उसाकडे पाहत होते. काही हलत नव्हतं.

"अन् म्हणावं, मधीच गप झाला तर मी कोपर मारीन. लई जोरात."

पत्रिका पंचवीस तारखेला छापायला द्यायची आहे. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या कुठल्याही एसटीनं कळंबला उतर. मी आणायला येणार नाही. शेत तुला माहीत आहे. खालच्या बांधावर सावली दुपारनंतर येते, त्या बेतानं ये.

यशोधराताई